‘काहीही आढळले नाही’ या शेऱ्यामागचे विषाणू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाची रुग्णाशी गाठ क्वचितच पडते. आमच्यापर्यंत पोहोचतो तो नमुना, त्यावर चिकटवलेला क्रमांक आणि सोबतच्या कागदावर डॉक्टरांनी घाईत लिहिलेल्या दोन-चार ओळी. म्हणूनच काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ स्वतःच्या मल तपासणीचा अहवाल हातात घेऊन आमच्या दाराशी उभे राहिले, तो दिवस मला अजून स्पष्ट आठवतो. (त्यांची ओळख पटेल असे सर्व तपशील मी येथे गाळले आहेत.) ते एचआयव्हीसह जगत होते, उपचार सुरू होऊन बरीच वर्षे झाली होती आणि गेले पाच आठवडे त्यांना दिवसातून सात-आठ वेळा पातळ शौचास होत होते. अहवालावर माझी सही होती आणि तिच्या वर दोन ओळी होत्या: परजीवींची अंडी किंवा कोष आढळले नाहीत, रोगकारक जीवाणूंची वाढ झाली नाही. त्यांनी अगदी सौम्य स्वरात विचारले, “मॅडम, काहीच सापडलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मग मला हे होतंय ते काय आहे?”

मी त्यांना डॉक्टरांकडे परत जायला सांगितले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते, आणि ते अपुरेपण पुढे कितीतरी दिवस मला टोचत राहिले.

त्या नमुन्यावर आम्ही काय केले होते ते आधी सांगते. मिठाच्या पाण्यात आणि आयोडीनमध्ये थेंब मिसळून काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. एचआयव्हीचा उल्लेख असल्यामुळे क्रिप्टोस्पोरिडियम आणि सिस्टोआयसोस्पोरा या परजीवींसाठी वेगळे रंजन केले होते, म्हणजे काचपट्टी खास रंगांनी रंगवून पाहिली होती. साल्मोनेला आणि शिगेला यांसारखे जीवाणू वाढावेत म्हणून नमुना संवर्धनासाठी लावला होता. हे सारे नीट केले होते आणि त्यात खरोखरच काही आढळले नव्हते. पण साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा साधारण २०० नॅनोमीटरची असते. त्याहून लहान वस्तू त्यात वेगळी दिसूच शकत नाही. ॲस्ट्रोव्हायरस सुमारे ३० नॅनोमीटरचा, नोरोव्हायरसही साधारण तेवढाच, ॲडेनोव्हायरस ७० ते ९० नॅनोमीटरच्या आसपास. शिवाय विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाहीत, त्यामुळे जीवाणूंसाठीच्या संवर्धनाच्या ताटलीत ते उगवण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे विषाणूंच्या बाबतीत माझ्या त्या अहवालाला काहीही म्हणायचे नव्हते, आणि वाचणाऱ्याला मात्र तो सर्व काही तपासून निर्दोष ठरवलेला वाटत होता.

एचआयव्ही म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रक्त येते, कारण तपासणी रक्ताची होते, व्हायरल लोड, म्हणजे विषाणूचे प्रमाण, रक्तात मोजतात आणि एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या सीडी४ या प्रतिकारपेशींचा आकडाही रक्तातलाच असतो. परंतु या विषाणूचे सर्वांत मोठे आणि सर्वांत लवकर होणारे नुकसान आतड्यात होते. शरीराच्या प्रतिकारपेशींचा फार मोठा वाटा आतड्याच्या अस्तराखाली मुक्कामाला असतो, कारण बाहेरच्या जगाशी शरीराचा सर्वाधिक संबंध तेथेच येतो: रोजचे अन्न, पाणी आणि त्यांच्याबरोबर येणारे अगणित सूक्ष्मजीव. तेथील सीडी४ पेशींपैकी बहुसंख्य पेशी अनुभवी, म्हणजे पूर्वी शत्रू पाहिलेल्या असतात आणि एचआयव्हीला आत शिरण्यासाठी लागणारे सीसीआर५ हे दारही त्यांच्यावर असते. १९९८ साली माकडांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की एचआयव्हीचा भाऊबंद असलेल्या एसआयव्हीचा संसर्ग झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत आतड्यातील सीडी४ पेशींचा बहुतांश साठा नष्ट होतो, आणि त्या वेळी रक्तातील आकडा मात्र तेवढा ढासळलेला नसतो. २००४ मध्ये माणसांच्या आतड्यातील ऊतींच्या तपासणीतूनही हेच चित्र समोर आले.

या पेशींमध्ये टीएच१७ नावाचा एक गट असतो, जो आतड्याच्या अस्तराची डागडुजी करायला आणि जीवाणूंना त्यांच्या जागी रोखायला मदत करतो. तो गट नाहीसा झाला की अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल पडतात, जीवाणूंचे अवशेष रक्तात झिरपू लागतात आणि सगळे शरीर एका मंद, न विझणाऱ्या दाहात अडकते. २००६ साली या झिरपण्याचे पुरावे प्रसिद्ध झाल्यावर एचआयव्हीकडे पाहण्याची अभ्यासकांची दृष्टीच बदलली. उपचारांनी रक्तातील सीडी४ पेशी पुन्हा वाढतात, पण आतड्यातील भरपाई संथ आणि पुष्कळदा अपुरी राहते. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ती चांगली होते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीच्या जुलाबांकडे ‘पोट बिघडले असेल’ असे म्हणून पाहू नये, ते याचसाठी. ज्या भिंतीवर या आजाराचा पहिला घाव बसतो, ती भिंतच तेथे तक्रार करत असते.

ही तक्रार नवी नाही. १९८५ साली युगांडातील डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या आजाराचे वर्णन केले होते. सततचे जुलाब आणि माणूस ओळखू येऊ नये इतके घटणारे वजन ही त्याची लक्षणे होती. तेथील लोकांनी त्याला ‘स्लिम’, म्हणजे ‘किडकिडीत’, असे नाव आधीच देऊन टाकले होते. दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एड्सच्या व्याख्येत ‘वेस्टिंग सिंड्रोम’चा समावेश केला: मूळ वजनात १० टक्क्यांहून अधिक घट, आणि तिच्या जोडीला ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळ टिकलेले जुलाब किंवा तितकाच काळ टिकलेला ताप आणि अशक्तपणा, आणि या सगळ्याचे दुसरे कोणतेही कारण न सापडणे. त्याआधी १९८४ मध्येच काही रुग्णांच्या आतड्याचे नमुने तपासताना असे आढळले होते, की कोणताही जंतू हाती लागत नसतानाही आतड्यातील रसांकुर (अन्नरस शोषणारे बोटांसारखे उंचवटे) झिजलेले आणि अन्नशोषण मंदावलेले असते. त्या स्थितीला ‘एड्स एंटेरोपॅथी’, म्हणजे एड्समधला आतड्याचा विकार, हे नाव मिळाले. ते नाव उपयोगी होते, पण त्यात एक धोकाही होता. कारण सापडले नाही की ‘एंटेरोपॅथी’ असे लिहून मोकळे होता येत असे, आणि ज्या कारणाचा शोधच घेतला नाही तेही त्याच शब्दाखाली झाकले जात असे. माझ्या दोन ओळींच्या अहवालाचे हेच तर झाले होते.

या झाकलेल्या कारणांपैकी विषाणूंकडे नेटाने पाहणारा एक अभ्यास १९९३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. तो मी आजवर अनेकदा वाचला आहे, आणि नव्याने प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला मी तो वाचायला लावते. त्यात एचआयव्ही असलेल्या रुग्णांचे मलाचे २२२ नमुने तपासले होते: जुलाब होत असलेल्यांचे १०९ आणि होत नसलेल्यांचे ११३. जुलाबांच्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांत कोणता ना कोणता विषाणू मिळाला, तर जुलाब नसलेल्यांपैकी १२ टक्क्यांत. ॲस्ट्रोव्हायरस १२ टक्के विरुद्ध २ टक्के, पिकोबर्नाव्हायरस ९ विरुद्ध २, ॲडेनोव्हायरस ९ विरुद्ध ३, आणि आज ज्यांत नोरोव्हायरसची गणना होते त्या कॅलिसिव्हायरसांचे प्रमाण ६ विरुद्ध १ असे होते. त्या काळी जुलाबांचा विषाणू म्हटले की सर्वांना आठवणारा रोटाव्हायरस येथे मागे पडला होता आणि फारशी ओळख नसलेली नावे पुढे आली होती.

या आकड्यांतला माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा ३५ नाही, १२ आहे. जुलाब नसलेल्या माणसांचे नमुने तपासण्याचे कष्ट घेतले नसते, तर ‘एक तृतीयांश रुग्णांत विषाणू सापडला’ एवढेच वाक्य उरले असते आणि आपण प्रत्येक सापडलेल्या विषाणूला दोषी मानून बसलो असतो. तुलनेमुळे दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या: जुलाब असताना विषाणू जवळजवळ तिप्पट प्रमाणात सापडतात, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे चूक आहे, आणि काही माणसांच्या आतड्यात ते कोणताही त्रास न देता असतात, म्हणून सापडला की तोच गुन्हेगार असे धरणेही चूक आहे. आज अनेक रोगजंतू एकाच वेळी शोधणाऱ्या पीसीआर चाचण्या उपलब्ध आहेत आणि त्या विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अगदी सूक्ष्म अंशही पकडतात. त्यामुळे हा दुसरा धडा आता पहिल्याइतकाच निकडीचा झाला आहे. संसर्ग बरा झाल्यावरही निरोगी माणसाच्या मलातून नोरोव्हायरस काही आठवडे बाहेर पडत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती खचलेल्या व्यक्तीत तो महिनोन् महिने मुक्काम ठोकू शकतो. अहवालावर ‘नोरोव्हायरस: आढळला’ असे आले की प्रश्न संपत नाही, तो आजचा आहे, की मागच्या आजाराची उरलेली खूण, हे रुग्णाकडे पाहूनच ठरवावे लागते.

या विषाणूंची नावे मला नेहमी आवडत आली आहेत. ॲस्ट्रो म्हणजे तारा, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या काही कणांवर ताऱ्याची आकृती दिसते. कॅलिसि हे नाव पेल्यावरून आले, कारण त्याच्या पृष्ठभागावर पेल्यासारखे खळगे असतात. रोटा म्हणजे चाक. नोरोव्हायरसचे नाव मात्र गावावरून पडले: १९६८ साली ओहायोतील नॉरवॉक येथील एका शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली, आणि त्या साथीतल्या नमुन्यांत १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हा विषाणू प्रथम दिसला. पिकोबर्नाव्हायरस म्हणजे आरएनएचे दोन तुकडे असलेला चिमुकला विषाणू. तो १९८८ मध्ये ओळखला गेला. १९९३ च्या अभ्यासात जुलाबांच्या संशयितांमध्ये त्याचे नाव वरच्या रांगेत होते. त्यानंतर त्याची जनुकीय रचना बारकाईने तपासली गेली, तेव्हा जीवाणूंच्या जनुकांपाशी आढळणाऱ्या विशिष्ट खुणा तिच्यात दिसल्या, आणि हा विषाणू माणसाच्या पेशींना बाधतच नसावा, आतड्यातील जीवाणूंना बाधत असावा, असा बळकट संशय पुढे आला. तसे असेल तर जुलाबांच्या वेळी तो वाढलेला दिसतो तो आतड्यातील जीवाणूंची वस्ती उलथीपालथी झाल्यामुळे, म्हणजे कारण म्हणून नव्हे, परिणाम म्हणून. मोजमाप बरोबर असूनही त्याचा अर्थ कसा बदलू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढच्या काळात संपूर्ण जनुकीय वाचनाचे तंत्र आले आणि ठरावीक विषाणू शोधण्याऐवजी नमुन्यात जे जे आहे ते सगळे वाचणे शक्य झाले. २०१२ साली ‘सेल’ या नियतकालिकात माकडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या माकडांत एसआयव्ही आजार घडवतो, त्यांच्या आतड्यात विषाणूंची संख्या आणि विविधता प्रचंड वाढलेली होती. त्यांत पूर्वी कधीच नोंद न झालेले किमान ३२ विषाणू होते. ज्या माकडांत एसआयव्ही असूनही आजार होत नाही, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. आजार बळावलेल्या काही माकडांच्या आतड्यात तर ॲडेनोव्हायरसमुळे दाह झालेला होता, आणि तो आहे अशी कोणाला शंकाही नव्हती. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, युगांडातील एचआयव्ही असलेल्या लोकांच्या नमुन्यांवर असेच काम झाले आणि तेथेही सीडी४ पेशी कमी असलेल्यांच्या आतड्यात ॲडेनोव्हायरसचे प्रमाण वाढलेले आढळले. जेथे १९८५ मध्ये ‘स्लिम’चे वर्णन झाले होते, त्याच देशातील नमुन्यांतून तीस वर्षांनी ही माहिती यावी, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

आता त्या गृहस्थांकडे परत येते. त्यांच्या डॉक्टरांनी सीडी४ची नवी तपासणी करून घेतली आणि आकडा रक्ताच्या एका घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली आला. तो पाहिल्यावर त्यांनी अधिक खोदून विचारले, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. गेल्या दोन आठवड्यांत पोटात डावीकडे दुखत होते आणि शौचाबरोबर थोडे रक्तही जात होते. ते मूळव्याधीचे असेल असे समजून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आणि दुसरे म्हणजे, बाहेरगावी जायचे असेल त्या दिवशी ते एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांची, गोळी घेत नसत, कारण त्या गोळ्यांनी पोट सैल होते असा त्यांचा अनुभव होता आणि प्रवासात शौचालय सापडेल की नाही ही धास्ती असे. एक दिवस चुकवलेली गोळी दोन दिवसांची झाली, मग आठवड्याची, आणि विषाणूला पुन्हा वाढायला मोकळे रान मिळाले.

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. अस्तरावर व्रण होते, आणि त्यांच्या काठावरून घेतलेल्या तुकड्यात घुबडाच्या डोळ्यासारखे गडद केंद्र आणि भोवती फिकट कडे असलेल्या फुगलेल्या पेशी दिसल्या. ही सायटोमेगॅलोव्हायरसची, म्हणजे सीएमव्हीची, खूण आहे. हा नागीण कुळातील विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून सुप्तावस्थेत असतो आणि निरोगी प्रतिकारशक्ती त्याला आयुष्यभर झोपवून ठेवते. सीडी४ पेशी ५० च्या खाली घसरल्या की तो जागा होतो आणि मुख्यतः डोळ्याच्या पडद्यावर आणि आतड्यावर हल्ला करतो. आतड्यातील सीएमव्हीचा व्रण खोल गेला तर आतड्याला छिद्र पडू शकते, आणि ती स्थिती जिवावर बेतणारी असते. या विषाणूचे निदान मलाच्या तपासणीने होत नाही; रक्तात त्याचा अंश मिळाला तरी तेवढ्यावरून आतड्याचा आजार सिद्ध होत नाही आणि मिळाला नाही म्हणून तो नाकारताही येत नाही. ऊतीचा तुकडाच पाहावा लागतो. म्हणजे मी त्या नमुन्याची कितीही वेळा तपासणी केली असती, तरी माझ्या टेबलावर त्यांचे निदान झाले नसते. हे मला पटते. तरीही ‘आमच्या तपासणीतून ही शक्यता वगळली जात नाही’ हे सांगणे माझ्या हातात होते, आणि ते मी केले नव्हते.

जुलाब घडवणाऱ्या बहुतेक विषाणूंवर नेमके औषध नाही. नोरोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस यांच्या बाबतीत पाणी-क्षार भरून काढणे आणि प्रतिकारशक्ती परत आणणे एवढेच हाती असते. सीएमव्ही हा या यादीतला महत्त्वाचा अपवाद आहे, आणि म्हणूनच तो चुकवून चालत नाही. गॅनसायक्लोव्हिर शिरेतून देतात, तोंडाने घेतलेले शोषले जाऊ लागले की व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात, आणि उपचार साधारण ३ ते ६ आठवडे चालतात. त्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून रक्ताची वारंवार तपासणी लागते, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तर प्रत्येकाची व्हावी, दृष्टीची तक्रार असो वा नसो. त्या गृहस्थांच्या डोळ्यांना बाधा झालेली नव्हती.

त्यांच्या गोळ्यांविषयी मला विशेष सांगायचे आहे, कारण ती गोष्ट विषाणूंइतकीच खरी आहे. एआरटीच्या काही औषधांनी जुलाब होतात; नेल्फिनाव्हिर आणि रिटोनाव्हिरसोबत दिले जाणारे लोपिनाव्हिर ही त्यासाठी सर्वांत प्रसिद्ध. रुग्ण हे सांगतो तेव्हा त्याला ‘सवय होईल’ असे म्हणून परत पाठवणे म्हणजे गोळी चुकवण्याचा रस्ता त्याला आपणच दाखवणे होय. इंटिग्रेज गटातील डोलुटेग्राव्हिरसारखी नवी औषधे पोटाला पुष्कळ सोसवतात आणि बऱ्याच रुग्णांत औषध बदलता येते. संसर्गजन्य कारणे वगळल्यावरही जुलाब टिकून राहिले तर क्रोफेलेमर नावाचे औषध आहे. दक्षिण अमेरिकेतील एका झाडाच्या लालभडक चिकापासून ते तयार होते, आतड्यात क्लोराइड आणि त्याच्यामागोमाग पाणी सोडणारे मार्ग ते आवळते, आणि एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांच्या असंसर्गजन्य जुलाबांसाठी अमेरिकेत त्याला २०१२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. जाता जाता आणखी एक: पोटाच्या तक्रारीसाठी ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेले आम्लपित्ताचे औषध घेतले, तर त्याच वेळी घेतलेले डोलुटेग्राव्हिर नीट शोषले जात नाही. ते त्या औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे लागते. ही साधी गोष्ट औषध देताना सांगितली जातेच असे नाही.

विषाणूंखेरीज इतर कारणांचा पसारा मोठा आहे. सीडी४ पेशी १०० च्या खाली असताना क्रिप्टोस्पोरिडियम आणि मायक्रोस्पोरिडिया महिनोन् महिने पाण्यासारखे जुलाब घडवतात. त्यांच्यावर उत्तम इलाज म्हणजे एआरटीने प्रतिकारशक्ती परत आणणे. सिस्टोआयसोस्पोरा मात्र कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाला चांगला प्रतिसाद देतो. क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद असलेले एमएसी जीवाणू, प्रतिजैविकांच्या वापरानंतर बळावणारा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल, जिआर्डिया, साल्मोनेला हेही असतात. एकाच माणसात दोन कारणे एकत्र असणे मुळीच दुर्मिळ नाही, त्यामुळे एक सापडले की शोध थांबवू नये, विशेषतः त्या कारणाचे उपचार होऊनही जुलाब थांबत नसतील तर.

कारण कळेपर्यंत थांबून चालत नाही ती गोष्ट म्हणजे शरीरातून जाणारे पाणी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून स्वीकारलेल्या जलसंजीवनीत एका लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. आतड्याच्या पेशीवर ग्लुकोज आणि सोडियम यांना हातात हात घालून आत नेणारी एक वाट असते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. जुलाब होत असतानाही ही वाट बऱ्याच अंशी चालू राहते, म्हणून नुसत्या पाण्याने न होणारे काम या मिश्रणाने होते. साखर जास्त घातली तर उलट पाणी आतड्याकडे खेचले जाते, त्यामुळे प्रमाण नेमके ठेवणे महत्त्वाचे आहे. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी कारण माहीत असताना आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपयोगी पडते, परंतु ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा पोट फुगलेले आणि दुखरे असेल, तर ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. सीएमव्हीच्या व्रणांनी कमकुवत झालेल्या आतड्याची हालचाल अशा औषधाने रोखणे धोक्याचे ठरू शकते.

नोरोव्हायरससारख्या विषाणूंना बाहेरचे स्निग्ध आवरण नसते आणि अल्कोहोलचा मारा प्रामुख्याने त्या आवरणावर असतो, म्हणून हाताला चोळायचे सॅनिटायझर येथे पुरे पडत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुणे आणि शौचालयाचे पृष्ठभाग क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसणे हाच खात्रीचा मार्ग आहे. घरातील कोणाला उलट्या-जुलाब होत असतील तर ज्यांच्या सीडी४ पेशी कमी आहेत त्यांनी त्यांची शुश्रूषा शक्यतो दुसऱ्या कोणावर सोपवावी. एक गैरसमज मात्र येथेच दूर करायला हवा: एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला जुलाब झाले म्हणून एकच शौचालय वापरल्याने घरातल्यांना एचआयव्ही होत नाही. शौचावाटे पसरतात ते आतड्याचे विषाणू, आणि ते कोणाच्याही शौचावाटे तितकेच पसरतात.

हा मुद्दा मी मुद्दाम लिहिते, कारण शरमेमुळे जुलाबांची माहिती लपवली जाते. रुग्ण खोकला सांगतो, ताप सांगतो, पण शौचाला किती वेळा होते हे विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि विचारणाऱ्यालाही घाई असते. त्या गृहस्थांनी रक्त जात असल्याचे दोन आठवडे दडवले, त्याचा दोष मी त्यांना देत नाही. कोणीही त्यांना सरळ विचारले नव्हते.

त्यांना आधी गॅनसायक्लोव्हिर मिळाले, दोन आठवड्यांच्या आत एआरटीची औषधे बदलली गेली, आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी ते दिवसातून दोनदा, तेही बांधून, शौचास जात असल्याचे त्यांच्या डॉक्टरांनी मला कळवले. ते पुन्हा कधी आमच्या दाराशी आले नाहीत, आणि एका परीने ती चांगलीच बातमी आहे.

त्यानंतर आमच्या अहवालाच्या नमुन्यात मी एक वाक्य वाढवले: ‘या तपासणीत विषाणूंचा शोध घेतलेला नाही, लक्षणे टिकून राहिल्यास पुढील तपासणीसाठी संपर्क साधावा.’ सुरुवातीला एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली. अशा वाक्याने प्रयोगशाळा अपुरी दिसते, असे त्यांचे म्हणणे होते. मी ते काढले नाही. आता त्या वाक्यामुळे अधूनमधून एखाद्या डॉक्टरांचा फोन येतो आणि तुम्ही कोणते विषाणू शोधू शकता, असे ते विचारतात. उत्तर देण्याआधी मीही त्यांना विचारते: सीडी४ किती आहे, किती दिवसांपासून होत आहे, रक्त जाते का, आणि ते गोळ्या रोज घेतात का, हे त्यांना कोणी विचारले आहे का.